बर्फात गुडघे टेकणाऱ्यांचे कपडे

अमेरिकेत स्कीइंगला गेला असाल तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असेल. लाल जॅकेट, पाठीवर पांढरा क्रॉस, कमरेला किंवा पाठीला प्रथमोपचाराची पिशवी. कोणी पडलं की ही मंडळी स्लेड घेऊन हजर होतात. यांना स्की पॅट्रोल म्हणतात. त्यांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे नॅशनल स्की पॅट्रोल, तीस हजारांहून अधिक सदस्यांची आहे आणि त्यातले बरेच जण स्वयंसेवक आहेत: आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवार उतारावर. यंदा तुम्ही किंवा तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने 'आउटडोअर इमर्जन्सी केअर'चा कोर्स पूर्ण केला असेल, तर पुढचा प्रश्न कपड्यांचा आहे. काही ठिकाणी जॅकेट रिसॉर्टकडून मिळतं, पण पँट बहुधा आपली आपणच घ्यायची असते. दुकानात गेलात की विक्रेता टॅगवरचे दोन आकडे दाखवतो, २०,००० आणि २०,०००, आणि किंमत सांगतो. हे आकडे खोटे नसतात. पण पॅट्रोलरचे कपडे जिथे फाटतात आणि झिरपतात, तिथलं ते फारसं काही सांगत नाहीत.

या कामाची सुरुवातच एका ओल्या, थंड प्रसंगातून झाली. १९३६च्या जानेवारीत मायनॉट डोल हा विमा व्यवसायातला गृहस्थ व्हरमाँटमधल्या स्टो इथे पडला आणि त्याचा घोटा मोडला. त्याला खाली आणायची काहीच सोय नव्हती. शेवटी मित्रांनी छपराच्या पत्र्याचा तुकडा आणला आणि त्यावरून ओढत नेलं. दोनच महिन्यांनी त्या मित्रांपैकी फ्रँक एडसन स्कीच्या शर्यतीत जखमी होऊन मरण पावला. डोलने मग हा विषय सोडला नाही. १९३८ मध्ये नॅशनल स्की पॅट्रोल उभी राहिली. गंमत अशी की त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू जर्सीत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अपघातानेच टेफ्लॉन सापडलं, आणि पुढे त्याच पदार्थातून आजच्या जॅकेटचा पडदा निघाला. त्याकडे वळूच.

आधी काम काय असतं ते पाहू. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी वर जायचं, बांबूच्या काठ्या खांद्यावरून वाहायच्या, दोर ताणायचे, जाळ्या हलवायच्या. मग कोणी जखमी झालं की त्याच्याशेजारी वीस-पंचवीस मिनिटं बर्फात गुडघ्यावर बसायचं, स्लेड खाली आणायची आणि पुन्हा वर जाऊन वाऱ्यात उभं राहायचं. हौशी माणूस वर्षाला आठ-दहा दिवस स्की करतो; पूर्णवेळ पॅट्रोलर शंभराच्या आसपास. म्हणजे त्याचा एक हंगाम तुमच्या-आमच्या दहा वर्षांएवढा.

आता पहिला आकडा. १०,००० किंवा २०,००० हे मिलिमीटर असतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ आहे अशी कल्पना करा. किती उंचीच्या स्तंभाखाली कापड झिरपू लागतं, ते हा आकडा सांगतो. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी उंची. ऐकायला पुष्कळ वाटतं. पाऊस अंगावर पडतो तेव्हा इतका दाब कधीच येत नाही.

गुडघ्यावर मात्र येतो, आणि हिशोब सोपा आहे. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. तुम्ही, कपडे, बूट, रेडिओ आणि पिशवी मिळून ९० किलो धरू. एका गुडघ्यावर बसलात, त्यातला ५० किलो भार त्या गुडघ्यावर आला, आणि गुडघा साधारण सात सेंटिमीटर बाय सात सेंटिमीटर इतक्या जागेवर टेकला. ५० किलो भागिले ५० चौरस सेंटिमीटर: बरोबर एक किलो. म्हणजे टॅगवर १०,००० लिहिलेली पँट नवी असतानाच काठावर आहे. लिफ्टच्या ओल्या खुर्चीवर बसलात तर तेच वजन कितीतरी मोठ्या जागेवर पसरतं आणि दाब हजार मिलिमीटरच्या आसपासच राहतो. त्यामुळे हौशी स्कीअरला १०,००० पुरतं. जखमी माणसाजवळ बसणाऱ्याला पुरत नाही, कारण अंगाच्या उबेने गुडघ्याखालचा बर्फ वितळतो आणि ते पाणी दाबाखाली तिथेच राहतं.

म्हणून पँट निवडताना माझं पहिलं मत गुडघ्याला. २०,०००च्या वरचा आकडा हवा, गुडघ्यावर कापडाचा दुसरा थर हवा, आणि शिवण बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येता कामा नये, कारण शिवणीवरची टेप सगळ्यात आधी सुटते. आत फोमचा तुकडा घालायला खिसा असेल तर उत्तम. बंद पेशींचा फोम दाब पसरवतो आणि थंडीही अडवतो. गुडघा ओला झाला की पॅट्रोलर आधी स्वतःच कुडकुडतो, आणि बधिर बोटांनी मोडलेल्या हाताला स्प्लिंट बांधणं अवघड असतं.

दुसरा आकडा वाफेचा: एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या जुलैत रबरी रेनकोट घालून स्टेशन गाठलं की बाहेरून कोरडे आणि आतून घामाने चिंब. कोकणातल्या इरल्याने हे कोडं वेगळ्या तऱ्हेने सोडवलं होतं. डोक्यापाठीवर झाकण, पुढून उघडं. लावणी करणारा वाकलेला असतो, पाऊस पाठीवर झेलला जातो आणि वारा खालून खेळतो. १९६९ मध्ये डेलावेअरच्या न्यूअर्कमध्ये रॉबर्ट गोर यांनी याच कोड्याचं रासायनिक उत्तर शोधलं, तेही वैतागून. टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणली की तुटत होती. त्यांनी एकदा ती जोरात हिसका देऊन ओढली, तर ती न तुटता हातभर लांबली आणि सूक्ष्म छिद्रांनी भरून गेली. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी. १९७६ पासून हे कापड बाजारात आहे.

पण प्रयोगशाळेतला वाफेचा आकडा उतारावर तसाच मिळत नाही. काठ्यांचा भारा घेऊन चढताना शरीर जेवढा घाम काढतं, तेवढा कोणताही पडदा वेळेवर बाहेर टाकत नाही. तिथे काखेतल्या लांब चेनी आणि मांडीच्या बाजूच्या चेनी कामाला येतात. इरल्याचंच तत्त्व. आकड्यात पाच हजारांनी मागे असलेलं पण मोठ्या चेनींचं जॅकेट मी आधी घेईन. कापूस भरलेल्या जॅकेटपेक्षा नुसतं कवच आणि आत लोकरीचे थर बरे, म्हणजे चढताना एक थर काढता येतो. पूर्वेकडच्या छोट्या टेकडीवर दिवसभर एकाच जागी उभं राहायचं असेल, तर अस्तराचं जॅकेट घ्यायला हरकत नाही.

टिकाऊपणाचा आकडा वेगळाच असतो आणि अनेक टॅगांवर तो नसतोच. त्याला डेनिअर म्हणतात: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. सीएसएमटी ते दादर हे रेल्वेचं अंतर साधारण तेवढंच. तेवढा लांब धागा ४० ग्रॅम भरला तर ४० डेनिअर. हौशी लोकांची हलकी जॅकेटं २० ते ४० डेनिअरची असतात. पॅट्रोलसाठी ७०च्या वर पाहा, आणि खांदे, मनगट, गुडघे, पार्श्वभाग इथे त्याहून जाड. पण डेनिअर दुप्पट झाला म्हणजे धागा दुप्पट जाड होत नाही. जाडी फक्त १.४ पट वाढते. विणीची घट्टी आणि धाग्याची जातही तितकीच महत्त्वाची. घासण्यासमोर नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चिवट, उन्हासमोर पॉलिएस्टर बरं. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ ते ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कोलोरॅडोतला लाल रंग दोन हंगामांत गुलाबीकडे झुकतो तो असा.

स्कीच्या पोलादी कडा घासत नाहीत, कापतात. त्यामुळे घोट्याच्या आतल्या बाजूला कॉर्ड्युरा किंवा केव्हलारसारख्या धाग्याचं ठिगळ हवंच. ते नंतर बदलता येईल का, हेही विचारा. थ्री-लेअर कापडात पडदा बाहेरचं कापड आणि आतली जाळी यांच्यामध्ये चिकटवलेला असतो, म्हणून तो आतून घासला जात नाही. टू-लेअर आणि सुटं अस्तर स्वस्त पडतं, पण शंभर दिवसांच्या कामाला नाही.

आता एक नवी अडचण. कापडावर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात ते बाहेरच्या लेपामुळे, पडद्यामुळे नव्हे. हा लेप कित्येक वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांचा, म्हणजे पीफासचा असायचा. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत आणि पाण्यात, रक्तात साचतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत ती मुद्दाम वापरायला बंदी आहे. अतिशय ओल्या हवामानासाठीच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत आहे. निर्णय योग्यच आहे. पण नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. लिफ्टचं ग्रीस, सनस्क्रीन, मानेचा घाम बसला की तिथे कापड पाणी पितं, आणि ओल्या कापडातून वाफ बाहेर जाईनाशी होते. जॅकेट गळतंय असं वाटतं ते बहुधा आतला घामच असतो. यावर उपाय धुणं हाच. टेक्निकल कपड्यांचा द्रव साबण वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवा. उबेने लेप पुन्हा ताठ होतो. रक्ताचे डाग मात्र आधी थंड पाण्याने काढायचे. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठून धाग्यात बसतात.

खिशांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. हल्ली चुंबकाच्या बटणांची फॅशन आहे. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधणारं ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतं आणि जवळच्या चुंबकाने गोंधळतं. म्हणून नेहमी २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर अंतर राखायला शिकवतात. छातीवर चुंबक असलेलं जॅकेट घेऊ नका. हातमोजे न काढता चेन उघडते का, हूड हेल्मेटवरून बसतं का, हे दुकानातच पाहा.

किमतीचं काय? चांगलं थ्री-लेअर जॅकेट सहाशे-सातशे डॉलर्सना पडतं. २०२४च्या डिसेंबर अखेरीस युटामधल्या पार्क सिटीच्या पॅट्रोलरांनी संप केला. सुरुवातीचा दर ताशी २१ डॉलर होता, तो २३ व्हावा ही मुख्य मागणी होती, आणि जवळपास दोन आठवड्यांनी ती मान्य झाली. त्या दराने ७०० डॉलर म्हणजे तीस तासांचं काम, करापूर्वी. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी पँटवर घाला, आणि दुरुस्ती करून देणारी कंपनी निवडा. बऱ्याच कंपन्या पॅट्रोलरना सवलत देतात; तुमच्या पॅट्रोल डायरेक्टरला विचारा, दुकानदार आपणहून सांगणार नाही. घेण्याआधी बूट घालून, पाठीवर पिशवी अडकवून दुकानाच्या फरशीवर पाच मिनिटं एका गुडघ्यावर बसा. पँट मागून कमरेखाली सरकली किंवा गुडघ्यावरचं ठिगळ बाजूला गेलं, तर ती परत कपाटात ठेवायची.