पडद्याची मालकी कोणाची?

बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एखाद्या खासगी संकेतस्थळावर आसनक्रमांक घालून बसलेल्या विद्यार्थ्याला गुणांच्या आधी काय काय पाहावे लागते, याची नोंद कोणी ठेवीत नाही. वरच्या बाजूस प्रवेशाची पट्टी झळकते, मध्येच शैक्षणिक कर्जाची चौकट उघडते, आणि ‘डाउनलोड’ असे ठळक अक्षरांत लिहिलेली दोन-तीन बटणे पुढे येतात. त्यांपैकी खरे एकच असते. चुकीचे बटण दाबले की भलतेच पान उघडते, आणि ते उघडण्याचा खर्चही त्याच विद्यार्थ्याच्या डेटा-पॅकमधून वजा होतो. एकाच्या व्यवहाराचा भार त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच्या माथी पडतो, तेव्हा बाजारातील किंमत खरा खर्च सांगत नाही, हे ए. सी. पिगू यांनी १९२० सालीच मांडले होते. त्यांच्या काळी उदाहरण कारखान्याच्या धुराचे होते. आजचा धूर पडद्यावर दिसतो, एवढाच फरक.

या धुरावर वाचकांनी स्वतःच एक उपाय शोधला. संकेतस्थळांवरील पट्टीच्या जाहिरातींचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’वर झाला असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर आठच वर्षांनी, २००२ मध्ये, डेन्मार्कच्या हेन्रिक आस्टेड सॉरेनसेन यांनी जाहिरात गाळणारे ‘ॲडब्लॉक’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडावयाचा छोटा प्रोग्रॅम, तयार केले. २००६ मध्ये व्लादिमीर पालांत यांनी ‘ॲडब्लॉक प्लस’ आणले. २०१४ मध्ये रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक’ आणि पुढील वर्षी त्याचेच ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे रूप आले. याची युक्ती साधी आहे. बातमीचे एक पान उघडताना ब्राउझर केवळ त्या वृत्तपत्राकडे जात नाही; पान त्याला आणखी कित्येक पत्त्यांवर पिटाळते. कोणी जाहिरात देतो, कोणी वाचकाचा माग ठेवतो, कोणी तो माग तिसऱ्यास विकतो. अशा पत्त्यांची ‘ईझीलिस्ट’सारखी यादी स्वयंसेवक २००५ पासून अद्ययावत ठेवीत आले आहेत. एक्स्टेन्शन प्रत्येक मागणी त्या यादीशी ताडून पाहते आणि नको त्या ठिकाणी निरोपच जाऊ देत नाही. जाहिरात केवळ झाकली जात नाही, ती मुळी येतच नाही. म्हणून डेटाही वाचतो.

आगंतुक ‘प्लगइन’चा त्रास मात्र आता इतिहासजमा झाला आहे. पान उघडताच आपोआप नाचू-गाऊ लागणाऱ्या फ्लॅशला आवर घालण्यासाठी एके काळी स्वतंत्र एक्स्टेन्शने लागत. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधारच काढून घेतला.

या सर्वांवर घेतला जाणारा आक्षेप पोकळ नाही. वृत्तपत्राचा संसार जाहिरातीवर चालतो. छापील अंकाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चाहून कमी असते आणि मधली दरी जाहिरातदार भरून काढतो, हे प्रत्येक वर्गणीदार जाणतो. मग जाहिरात गाळून बातमी तेवढी वाचणारा वाचक फुकट्या नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दोन जाहिरातींमधील भेद पाहिला पाहिजे. छापील जाहिरात वाचकाकडे उलटून पाहात नसे. तिने कोणाच्या घरात पाळत ठेवली नाही, आणि ती कोणी दिली हे व्यवस्थापकास ठाऊक असे. संकेतस्थळावरील जागेचा लिलाव पान उघडण्याच्या क्षणी, निमिषार्धात होतो. तेथे कोण येऊन बसणार हे पुष्कळदा खुद्द प्रकाशकासही माहीत नसते. मार्च २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘बीबीसी’ यांसारख्या प्रतिष्ठित संकेतस्थळांवर जाहिरातींच्या वाटेने घातक प्रोग्रॅम शिरले, ते याच अज्ञानामुळे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधयंत्रातील फसव्या जाहिरातींपासून बचाव म्हणून नागरिकांना जाहिरातरोधक वापरण्याचा सल्ला दिला. पोलिसांनीच दाराला कडी लावा म्हणून सांगितल्यावर कडी लावणाऱ्यास फुकट्या म्हणणे कठीण आहे.

परंतु कडी लावणाऱ्यांतही नाकेदार निघाले. ‘ॲडब्लॉक प्लस’मागील कोलोन येथील आयओ या कंपनीने २०११ पासून ‘स्वीकार्य जाहिराती’ ही योजना सुरू केली. आकार, जागा इत्यादी नियम पाळणाऱ्या जाहिराती चाळणीतून आपोआप सुटतात; बड्या कंपन्यांना मात्र त्यासाठी पैसे मोजावे लागतात. ॲक्सेल स्प्रिंगर या जर्मन प्रकाशनसंस्थेने त्याविरुद्ध दावा लावला. १९ एप्रिल २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जाहिरात रोखणे ही अनुचित स्पर्धा नव्हे असा निर्णय दिला. शेवटी बटण वापरकर्त्याच्याच हाती आहे, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच. तथापि, आधी वाट अडवायची आणि मग वाट सोडण्याचे दाम घ्यायचे, हा धंदा ज्यांनी जकात नाके पाहिले आहेत त्यांना नवा वाटू नये. मुंबईचे नाके २०१७ मध्ये उठले. हा नाका उठलेला नाही. रेमंड हिल यांनी मात्र ‘यूब्लॉक ओरिजिन’साठी देणगीही घेण्याचे नाकारले आहे, द्यायचीच असेल तर यादी सांभाळणाऱ्यांना द्या, असे ते सांगतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अशा माणसासाठी फारशी जागा नाही, हा दोष पाठ्यपुस्तकाचा.

खरा प्रश्न याहून मोठा आहे. जगात सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर, क्रोम, हा गूगलचा. आणि गूगलची मातृसंस्था अल्फाबेट हिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते, त्यातील सुमारे २३८ अब्ज जाहिरातींचे. खिडकी विकणारा आणि खिडकीसमोर फलक उभारणारा असा एकच मनुष्य असल्यावर पडदा लावण्याची सोय कितपत टिकेल? क्रोमने एक्स्टेन्शनांसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नवी नियमावली आणली आणि २०२४ च्या जूनपासून जुनी मोडीत काढण्यास आरंभ केला. पूर्वी एक्स्टेन्शन प्रत्येक मागणी जाता जाता तपासून तिचा निकाल लावी. आता त्याने आपले नियम आधीच ब्राउझरच्या स्वाधीन करावयाचे, तेही मर्यादित संख्येत, आणि अंमलबजावणी ब्राउझरने करावयाची. परिणामी मूळ ‘यूब्लॉक ओरिजिन’ क्रोममध्ये चालेनासे झाले. उरली ती त्याची ‘लाइट’ ही सौम्य आवृत्ती. फायरफॉक्सने जुनी मुभा कायम ठेवली आहे.

गूगलचे समर्थन सुरक्षिततेचे आहे, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. जे एक्स्टेन्शन प्रत्येक पान वाचू शकते, ते बँकेचे पानही वाचू शकते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘ॲडब्लॉक प्लस’ याच नावाचे बनावट एक्स्टेन्शन क्रोमच्या अधिकृत दुकानात आढळले. तोवर हजारोंनी ते उतरवून घेतले होते. त्यामुळे नाव, कर्ता आणि मागितलेल्या परवानग्या तपासल्यावाचून काहीही बसवू नये, हे खरेच. पण चोरांचे भय दाखवून घराच्या किल्ल्या सावकाराकडे ठेवाव्यात, हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही.

प्रकाशकांनीही आपला राग कोणावर काढावयाचा याचा विचार करावयास हवा. अमेरिकेतील संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, प्रकाशकांची जाहिरातजागा विकणाऱ्या यंत्रणेत आणि तिच्या लिलावबाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी निर्माण केली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने वृत्तपत्रांच्या डिजिटल संघटनेच्या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला होता. जाहिरातदाराने दिलेला रुपया बातमीदारापर्यंत पोहोचताना वाटेत किती झिजतो, हा तंटा मूलतः प्रकाशक आणि दलाल यांच्यातील आहे. वाचकाला त्यात आरोपी करण्याचे कारण नाही. ज्या पत्रावर आपला विश्वास आहे, त्याची चाळणी वाचक त्या एका संकेतस्थळापुरती बंद ठेवू शकतो, किंवा सरळ वर्गणी भरू शकतो. चाळणीही हवी आणि वर्गणीही नको, ही भूमिका मात्र टिकणारी नाही.

राहता राहिला निकाल पाहणारा तो विद्यार्थी. त्याच्यापाशी संगणक नाही, फोन आहे. आणि अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसविण्याची सोयच नाही. म्हणजे ज्याच्या डेटाचा प्रत्येक अंश मोजका, त्यालाच संरक्षण नाही, आणि ज्याच्या घरी वायफाय आहे तो लॅपटॉपवर स्वच्छ पाने वाचतो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेतल्यास त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ विनामूल्य बसते, ही माहिती शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावण्यास खर्च येत नाही. ग्रंथालयातील आणि प्रयोगशाळेतील संगणकांवर ते बसविण्यास अर्धा दिवस पुरे. त्यासाठी निविदा मागवावी लागत नाही. विभागप्रमुखाची तोंडी परवानगी तेवढी लागते.