टाकी भरली की मोटर आपोआप बंद

रात्री उशिरा लाइट येते, आपण मोटर चालू करतो आणि टाकी भरेपर्यंत जागत बसतो. जरा डोळा लागला की पाणी अंगणात! ही राखण यंत्रावर सोपवायची, यालाच ऑटोमेशन म्हणतात. मोठ्या कारखान्यात चालणारी ही विद्या हायस्कूलच्या मुलांना दोन बादल्यांवर शिकवता येते. कशी, ते आज सांगतो.

खालची बादली म्हणजे विहीर, वरची म्हणजे टाकी. सोबत १२ व्होल्टचा छोटा पंप, बॅटरी आणि पाण्यावर तरंगणारा स्विच, म्हणजे फ्लोट. टाकी भरली की फ्लोट उचलला जातो आणि पंप थांबतो. मुलं खूश! पण टाकीतून तांब्याभर पाणी काढलं की पंप चालू, लगेच बंद. पुन्हा तांब्या, पुन्हा तेच. अशी सारखी चालू-बंद होणारी मोटर तापते आणि लवकर बिघडते.

इथे शिक्षकांनी उत्तर सांगायची घाई करू नये. मुलं डोकं लावतात आणि दोन फ्लोटपर्यंत पोचतात. तळाजवळचा म्हणतो 'चालू कर', काठाजवळचा म्हणतो 'बंद कर'. शेवटचा हुकूम लक्षात ठेवायला मध्ये रिले किंवा छोटा कंट्रोलर लागतो. मग पुढचा प्रश्न येतो: विहीरच आटली तर?

आता डेअरीत चला. पाश्चरायझेशन करताना दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद ठेवतात. तापमान कमी पडलं, तर व्हॉल्व्ह फिरतो आणि दूध पुन्हा तापायला मागे जातं. बघणारा सेन्सर, ठरवणारा कंट्रोलर, काम करणारा व्हॉल्व्ह. आपल्या बादल्यांतही हेच तिघं होते. तिथे व्हॉल्व्हच्या जागी पंप होता, एवढंच.

हाताने काम करत शिकणं आपल्याकडे नवं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीची मुलं-मुली शाळेतच शिकतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. प्रकल्प करताना पक्कड बरेचदा मुलाच्या हाती जाते आणि मुलीच्या वाट्याला तक्ता रंगवणं येतं. पुढे कारखान्यात यंत्र कोण चालवणार आणि डबे कोण भरणार, हे इथूनच ठरायला लागतं. म्हणून पालकसभेत गटानं मिळून विचारू या: वायर जोडायची पाळी प्रत्येक मुलीला मिळते का?

आणि एक काळजी घ्या. मुलांचे प्रयोग बॅटरीवरच होऊ द्या. घरच्या मोटरीच्या स्टार्टरला हात लावायचा तो वायरमननेच.

आज लेक शाळेतून आली की 'किती मार्क पडले' याच्या आधी विचारा, 'आज हाताने काय केलंस?'