छोटा ट्रॅक्टर तापतो कां? व त्यावर घरचे उपाय

जळगांव व धुळें जिल्ह्यांत कपाशीच्या आंतरमशागतीसाठीं व केळीच्या बागांतून छोटे ट्रॅक्टर आतां नित्य दिसतात. थकलेला बैल मान टाकतो व तें मालकास दिसतें. इंजिन मात्र मुकाट्यानें तापत जातें. उष्णतेच्या कांट्याकडे लक्ष नसेल तर अखेर पिस्टन सिलिंडरांत अडकून बसतो आणि हंगामाची कमाई दुरुस्तींत जाते. म्हणून या विषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

डिझेल जळून निघालेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याबरोबर रेडिएटरमध्यें येतो व पंख्याच्या हवेनें बाहेर पडतो. हवा, पाणी व पंख्याचा पट्टा यांपैकीं एकानें दगा दिला कीं उष्णता आंत कोंडते. खानदेशांत वैशाखांत हवाच ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तेव्हां अल्प अडथळाही भारी पडतो.

प्रथम सावधगिरी. गरम रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. दाबामुळें आंतील पाणी १०० अंशांवर जाऊनही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास हेड तडकण्याचा संभव असतो. इंजिन बंद करून पूर्ण निवूं द्यावें.

नंतर तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी.

१. जाळी : पऱ्हाट्यांत रोटाव्हेटर फिरवितांना कापसाचे तंतू, भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळींत बसतात. पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस पाणी बेतानें मारावें. जोराच्या धारेनें नाजूक पत्रे वांकतात.

२. पट्टा : मधोमध अंगठ्यानें दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा. अधिक दबल्यास ताणावा. चिरा असल्यास बदलावा.

३. पाणी : विहिरीच्या जड पाण्यानें न्हाणीघरांतील बंबांत जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनांतही धरतो व उष्णता अडवितो. यास्तव माहितीपुस्तकांत सांगितलेलें कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यांतच मिसळून भरावें.

४. थर्मोस्टॅट : काढून पातेल्यांतील पाण्यांत टांगावा व पाणी तापवावें. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास तो उघडूं लागला पाहिजे. पाणी उकळूनही न उघडल्यास नवा बसवावा.

इंजिनांतील तेल दुधासारखें झालें असेल, किंवा रेडिएटरमध्यें सतत बुडबुडे येत असतील, तर हेडचें गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. येथें घरचे उपाय संपतात. ट्रॅक्टर न चालवितां कुशल कारागिरास बोलवावें.

आमच्या पाहण्यांत पुष्कळदां दोष जाळींतील कचऱ्याचाच असतो, आणि तो काढण्यास पैसा लागत नाहीं. बैल जुंपण्यापूर्वीं आपण त्याच्या खांद्यावरून हात फिरवितों. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीं जाळी, पट्टा व पाणी पाहण्यास त्याहून फारसा अधिक वेळ लागत नाहीं.