आपल्या भिंती आणि चित्रांचा बाजार

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कविता, कथा, आत्मकथने यांची चर्चा करीत आलो आहोत. पुस्तक कोण लिहितो, कोण छापतो, कोण विकत घेतो, हे प्रश्न आपण विचारले आणि त्यांचे उत्तर म्हणून स्वतःची नियतकालिके काढली. चित्राच्या बाबतीत मात्र आपण ‘कोण काढतो’ एवढ्यावरच थांबलो. ते कोठे विकले जाते, कोणत्या भावाने जाते आणि कोणाच्या घरी जाते, याकडे आपण पाठ फिरवली. ही पाठ फिरविणे यापुढे परवडणारे नाही, असे मला वाटते.

आपला समाज चित्रे विकत घेत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपली घरे पाहिलेली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतले देव्हारे उतरले आणि त्या भिंतीवर बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यातल्या बौद्धवस्तीत जा. कुडाच्या घरातही ही तसबीर दिसेल. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी तसबिरींची दुकाने लागतात आणि मजुरीच्या पैशातून लोक त्या घेतात. चित्र म्हणजे चैन नव्हे, ती आपली ओळख आहे, हे या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. पण ती तसबीर छापील असते. मूळ चित्र कोणी काढले हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि विक्रीचा पैसा चित्रकारापर्यंत बहुधा पोहोचत नाही.

चित्रात पैसा घालणाऱ्याचे नाव टिकते आणि राबणाऱ्याचे पुसले जाते, ही गोष्ट आजची नाही. आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. तिथल्या शिलालेखात राजांची वंशावळ आहे, मंत्र्याचे नाव आहे. भिंती रंगविणाऱ्या हातांचे नाव त्यात नाही. ज्या बुद्धाला आपण आपला मानतो त्याची चित्रे आपल्याच गावच्या राज्यकर्त्यांच्या काळात काढली गेली, आणि ती काढणारे कोण होते हे आज कोणी सांगू शकत नाही.

आजच्या चित्रकाराचे नाव टिकते की नाही, हे पुष्कळ अंशी आर्ट गॅलरीत ठरते. वाशीमच्या बाजारात मूळ चित्रे विकणारी गॅलरी माझ्या पाहण्यात नाही. तो व्यवहार पाहायचा तर मुंबईला काळा घोडा भागात जावे लागते. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. तिथे प्रवेशाला तिकीट नाही, आणि कोणीही आत जाऊन चित्रे पाहू शकतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपली माणसे दारापर्यंत जाऊन परत फिरतात. एका खाजगी गॅलरीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा टेबलामागच्या व्यक्तीने माझ्या चपलांकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. किंमत विचारली तेव्हा, ‘घ्यायचे आहे का?’ असा उलट प्रश्न आला. शिकलेल्या माणसालाही अशा वेळी पाय मागे घ्यावासा वाटतो. परंतु किंमत विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि बाजार माहीत असला की भीती कमी होते.

हा बाजार दोन प्रकारचा आहे. जहांगीरसारख्या ठिकाणी निवड झालेला चित्रकार भाडे भरून आठवडाभर दालन घेतो आणि स्वतःची चित्रे स्वतः विकतो. तिथे तुम्ही थेट त्याच्याशी बोलू शकता. दुसरा प्रकार व्यापारी गॅलरीचा. ती काही निवडक चित्रकारांचे काम सातत्याने मांडते, गिऱ्हाईक आणते आणि विक्रीतून कमिशन घेते. हे कमिशन पुष्कळदा किमतीच्या निम्म्यापर्यंत जाते. किमती भिंतीवर सहसा नसतात. टेबलावर यादी असते, ती मागावी. चित्राशेजारी लाल टिकली असेल तर ते विकले गेले असे समजावे.

कॅनव्हासवरील मोठे तैलचित्र मास्तराच्या पगारात बसणार नाही. पण लिनोकट, वुडकट, एचिंग अशी छापचित्रे असतात. चित्रकार स्वतः ठसा कोरतो, मोजक्या प्रती काढतो आणि प्रत्येक प्रतीवर आकडा घालून सही करतो. ‘३/२०’ म्हणजे वीस प्रतींपैकी तिसरी. हे बाजारातल्या छापील तसबिरीसारखे नव्हे. हे मूळ कामच असते, आणि कॅनव्हासच्या मानाने पुष्कळ स्वस्त. मी स्वतः असेच एक लिनोकट एका तरुण चित्रकाराकडून दोन हप्त्यांत घेतले. घेताना बिल घ्यावे. चित्राचे नाव, वर्ष, माध्यम आणि चित्रकाराची सही असलेला कागद मागावा. कागदावरचे काम काचेच्या फ्रेममध्ये, ओल न येणाऱ्या भिंतीवर, उन्हापासून दूर लावावे.

कायदाही समजून घेतला पाहिजे. चित्र विकत घेतले म्हणजे ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लेखी करार करून दिला नसेल तर, तो सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो. मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ती का लागते, याचे उदाहरण नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे. ते २००१ मध्ये वारले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. भाव चढला तेव्हा चित्रकार हयात नव्हता.

गॅलरी म्हणजे केवळ शोषण, असेही म्हणता येणार नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मांडली गेली. ज्या कलेत नाव लिहिण्याची रीत नव्हती तिच्यातला एक माणूस नावानिशी जगापुढे आला. २०११ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. पण त्याच्या मागोमाग वारली आकृती कपबशीवर, पडद्यावर, हॉटेलांच्या भिंतीवर गेल्या, आणि तिथे नाव पुन्हा हरवले. नाव देणारा बाजार ते पुसूही शकतो.

आता आपल्या चित्रकारांकडे पाहू. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य आणि देवदासी चित्रात आणली. त्यांच्यानंतरच्या पिढीतली कितीतरी मुले जे.जे. मध्ये आणि नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकून बाहेर पडली आहेत. त्यांनी आपल्या आईबापांचे जिणे रंगवायचे, आणि ते टांगले जायचे अशा दिवाणखान्यात की जिथे त्या आईबापांना दारातून आत घेतले गेले नसते! विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्यालाही घरभाडे द्यायचे असते. पण गिऱ्हाईक एकाच वर्गाचे असले की हळूहळू चित्रही त्या वर्गाला सोसेल तेवढेच बोलू लागते.

‘पोटाला भाकर नाही, तिथे चित्र कसले?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, पण मी मजुराला चित्र घ्यायला सांगत नाही. त्याने त्याच्या ऐपतीची तसबीर घेऊन आपले काम केले आहे. मी सांगतो आहे ते दरमहा पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना: प्राध्यापकांना, कारकुनांना, बँकेतल्या आणि कचेरीतल्या अधिकाऱ्यांना. आपण सोफा घेतो, टीव्ही घेतो आणि त्यावर कुठल्यातरी बर्फाच्या डोंगराचे छापील चित्र लावतो. त्या किमतीत एक सही केलेले छापचित्र येते.

एकट्याने जमत नसेल तर मिळून करावे. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एक मूळ चित्र विहारासाठी घ्यावे. कॉलेजच्या ग्रंथालयाने पुस्तकांबरोबर एक चित्र घ्यावे आणि त्याखाली चित्रकाराचे नाव, गाव व वर्ष मराठीत लिहावे. दहा वर्षांत एकेका गावात दहा चित्रांचा संग्रह उभा राहील. तो पाहायला कोणाला काचेचे दार ढकलावे लागणार नाही, आणि शेजारच्या वस्तीतल्या ज्या पोराला चित्र काढावेसे वाटते त्याला कळेल की हे काम करून माणसाचे नाव राहते आणि पोटही भरते.