पिवळे कार्ड सापडले, गोळ्या राहिल्या

ताप घेऊन रुग्ण आला की आम्ही डॉक्टर मंडळी त्याला दहा प्रश्न विचारतो. थंडी वाजते का, खोकला आहे का, लघवीला जळजळ होते का. एक प्रश्न मात्र बऱ्याचदा राहून जातो, तो म्हणजे गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठे परदेशी जाऊन आलात का? हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मला युगांडातल्या माझ्या शेवटच्या दिवसाने शिकवले. तीच हकीकत आज वाचकांना सांगतो.

सन २०१९ मध्ये एप्रिल ते जून असे तीन महिने मी पूर्व युगांडात, इगांगा गावाच्या बाजूला, एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक डॉक्टर म्हणून काम केले. तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. पाऊस ओसरू लागला की हिवतापाची, म्हणजे मलेरियाची, लाट येते. जूनमध्ये आमच्या केंद्रात एकेका खाटेवर दोन-दोन मुले असत. तापाला तिकडे 'ओमुसुज्जा' म्हणतात. दिवसातून शंभरदा तो शब्द कानावर पडे.

निरोपाची सकाळ

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझी मच्छरदाणी शेजारच्या एका बाळंतिणीला देऊन टाकली. म्हटले, एका रात्रीचाच प्रश्न आहे. ही माझी पहिली चूक.

विमान रात्रीचे होते. एन्टेबे विमानतळ पाच-सहा तासांवर, म्हणून सकाळी दहाला निघायचे ठरले. भाड्याची मोटार दारात आली, सामान चढले. गावकऱ्यांनी भेट म्हणून एक जिवंत कोंबडी माझ्या हातात दिली. पाहुण्याचा मान म्हणून ती द्यायची, अशी तिथली रीत. ती नम्रपणे कुणाला सोपवावी, या विचारात असतानाच एक बाई पाठीला बांधलेली मुलगी घेऊन धापा टाकत आली. मागे तिची सासू.

मुलगी तीन वर्षांची. आदल्या रात्री ताप आला होता आणि उजाडताच झटके सुरू झाले होते. तळहात कागदासारखे पांढरे. बोटाच्या थेंबावरची झटपट तपासणी केली, हिवताप निघाला. नर्सने झटके थांबवण्याचे औषध दिले आणि आर्टेसुनेटचे इंजेक्शन टोचले. पण अंगात रक्तच राहिले नव्हते. रक्त चढवण्याची सोय इगांग्याच्या मोठ्या रुग्णालयात, आणि त्या दिवशी रुग्णवाहिकेत डिझेल नव्हते.

दारात उभी होती ती माझी मोटार. बॅगा भराभर खाली उतरवल्या. मागच्या बाकावर मुलगी, आई आणि आजी, पुढे मी सलाईनची बाटली वर धरून. लाल मातीच्या खड्ड्यांतून आम्ही इगांग्याला पोहोचलो. मुलीला डॉक्टरांच्या ताब्यात दिले आणि सामानासाठी पुन्हा मागे आलो, तोवर दुपारचा एक वाजून गेला होता. सगळ्यांनी मिळून बॅगा गाडीत कोंबल्या. कोंबडी कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

नाईलच्या पुलावर आठवण

जिंज्याजवळ नाईल नदीवरच्या पुलावर आलो आणि छातीत धस्स झाले. माझी छोटी पिशवी टेबलाच्या खणातच राहिली होती! तिच्यात दोन वस्तू होत्या. एक, पीतज्वराची लस घेतल्याचे पिवळे कार्ड. दुसरी, हिवताप होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या.

युगांडासारख्या पीतज्वराच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाजवळ हे कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. घाबरून मी नर्सला फोन केला, "ते पिवळे कार्ड तेवढे पाठवा!" बोडा-बोडा, म्हणजे तिथली भाड्याची मोटारसायकल, करून एक पोरगा जिंज्याला आला आणि पाकीट हातात ठेवून म्हणाला, "मुसावो, तुमचे कार्ड." मुसावो म्हणजे डॉक्टर. 'वेबाले, वेबाले' असे आभार मानून मी गाडी पिटाळली. कंपालाच्या वाहतुकीत दोन तास अडकलो आणि अगदी शेवटच्या क्षणी विमान गाठले.

वाचकहो, मी कार्ड मागितले, गोळ्या मागितल्या नाहीत. कार्ड विमानतळावर कुणीतरी मागणार होते. गोळ्या कुणीच मागणार नव्हते.

विमानात बसता बसता नर्सचा निरोप आला: मुलीला रक्त मिळाले, तिने डोळे उघडले. त्या आनंदात गोळ्यांचा विषय डोक्यातून पार गेला. तीच औषधे इथे कुठल्याही दुकानात मिळतात, पण घरी आल्यावर वाटले, आता कसला आफ्रिकेतला हिवताप!

बाराव्या दिवशी

परतल्यावर बाराव्या दिवशी अंगात कणकण आली. जुलैचा पाऊस धो धो पडत होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, भिजलात ना परवा, त्याचाच ताप." मलाही ते पटले. पॅरासिटामॉल घेऊन तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी हुडहुडी भरली, उलट्या झाल्या, डोळे पिवळसर दिसू लागले. माझे डॉक्टर मित्र पाहायला आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तुझ्या गोळ्या चालू आहेत ना?" मी गप्प. रक्त तपासले, फाल्सीपेरम हिवताप निघाला. हाच प्रकार मेंदूत आणि मूत्रपिंडात जाऊन जीव घेतो. रुग्णालयात दाखल झालो, वेळेवर औषध मिळाले आणि वाचलो.

त्या खेड्यातल्या बाईने एका रात्रीच्या तापानंतर मुलीला पाठीवर घेऊन केंद्र गाठले. दवाखाना घराच्या खाली असलेल्या डॉक्टरने तीन दिवस घालवले. आडाणी कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

गोळ्या नंतरही का घ्यायच्या?

डास चावल्यावर हिवतापाचे जंतू आधी यकृतात जातात. तिथे आठवडाभर किंवा अधिक काळ वाढून मग ते रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन त्यांना मुख्यतः रक्तात गाठते. म्हणून शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचा हिशेब चुकता होईपर्यंत, म्हणजे परत आल्यावर चार आठवडे, या गोळ्या घ्याव्या लागतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी यकृतातही काम करते, म्हणून ती सात दिवस पुरते. शेवटच्या दिवशी गडबड ठरलेलीच असते. नेमके तेव्हाच औषध सुटते.

आपल्या भागातले अनेकजण नोकरीनिमित्त आफ्रिकेत जातात, जवान शांतिसेनेत काँगो, दक्षिण सुदानला जातात. त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे:

१) जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्यात. कोणती गोळी चालेल, हे वय, गर्भारपण व इतर आजारांवर ठरते.

२) पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. कार्ड पासपोर्टबरोबर ठेवावे.

३) गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवू नयेत, त्याही पासपोर्टच्याच पिशवीत असाव्यात.

४) मच्छरदाणी शेवटची रात्र संपल्यावरच द्यावी.

५) परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर गोळ्या घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी रक्त तपासावे. 'मी आफ्रिकेहून आलो आहे' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

जगातले हिवतापाचे सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत होतात आणि त्यांतले बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांचे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही लस बालकांना द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. २०२५ मध्ये युगांडातही ती सुरू झाली. त्या मुलीच्या धाकट्या भावंडांना ती मिळो. आपल्यासारख्या प्रवाशांना मात्र मच्छरदाणी, गोळ्या आणि वेळेवर रक्ततपासणी याच तीन गोष्टी तारतात.