घराचे छायाचित्र : शोभा आणि साक्ष

घराचे छायाचित्र काढावयाचे म्हटले की आपल्याकडे प्रथम केरसुणी हाती घेतली जाते. अंगणात सडा पडतो, दोरीवरचे कपडे उतरविले जातात, आणि जेथे भिंतीचा गिलावा निघाला असेल तेथे दिनदर्शिका टांगली जाते. पाहुण्यांकरिता हे सर्व योग्यच होय. परंतु हल्ली घराची छायाचित्रे पाहुण्यांहून निराळ्या लोकांकरिता काढावी लागतात. घरावर कर्ज मागितले तर बँक ती मागते; विमा उतरविला असेल तर विमा कंपनी मागते; अतिवृष्टीत भिंत पडली तर पंचनाम्यास ती उपयोगी पडतात; आणि पुण्यास अथवा परदेशी असलेले बंधू ‘वाड्याची स्थिती कळवा’ म्हणून लिहितात, तेव्हा त्यांच्यापुढेही तीच ठेवावी लागतात. अशा वेळी दिनदर्शिका खाली काढून ठेवणे हेच पहिले कर्तव्य ठरते.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख, भोग आणि साक्षीदार अशी तीन प्रमाणे सांगितली आहेत. तपासणीसाठी काढलेले छायाचित्र हे आजच्या काळातील साक्षीदारच म्हणावयाचे. साक्षीदाराकडून आपण सौंदर्याची अपेक्षा करीत नाही. त्याने जे पाहिले ते पूर्ण सांगावे, कोठे व केव्हा पाहिले तेही सांगावे, एवढेच मागतो. छायाचित्राकडूनही तेवढेच मागावे.

या कलेचा असा उपयोग आपल्या प्रांतास नवा नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यात प्रमुखपणे वावरत होते. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज नामक अधिकाऱ्यास विजापूर आदी ठिकाणच्या इमारतींची छायाचित्रे घेण्यास नेमिले. पुढे पुराणवस्तूंच्या पाहणीतील छायाचित्रांत खांबाशेजारी एखादा मनुष्य अगर मोजकाठी उभी केलेली पुष्कळदा दिसते. ती शोभेसाठी नव्हे. मापावाचून चित्रातील खांब दोन हात उंचीचा की वीस हात, हे सांगता येत नाही, म्हणून ती योजना. आपल्या घराच्या चित्रातही हा एक धडा विसरता कामा नये.

आमच्या ढाणकीच्या आसपास तर या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन वैशाखात आकसते व तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तीच फुगते. तिच्यावर उभे असलेले घर वर्षातून एकदा जणू श्वास घेते व सोडते. म्हणून एकच चित्र पाहून भिंतीच्या तडीचा निर्णय करू नये. तीच तड वैशाखात व पुन्हा भाद्रपदात, त्याच जागेवरून, मोजपट्टी लावून टिपावी. जी ऋतूबरोबर उघडते व मिटते तिचे मूळ बहुधा जमिनीत असते. जी दर खेपेस वाढतच जाते तिच्यासाठी अभियंत्यास बोलाविण्यात एक दिवसाचाही विलंब करू नये.

दुसरे कारण आमची जुनी धाब्याची घरे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सहस्रावधी माणसे दगावली. त्यांतील पुष्कळांचा प्राण घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व त्यांवरील मातीच्या बोजड माळवदाने. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे माळवदावर मातीचे नवे थर चढत गेले होते, आणि भिंतीचे आतबाहेरचे दोन पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे धाब्याखाली निजणाऱ्यांनी आपल्या छपराची जाडी एकदा तरी मोजून ठेवावी, असे आम्ही का म्हणतो ते कळेल. पन्हाळीपाशी धाब्याची कड उघडी दिसते. तेथे मोजपट्टी उभी धरून एक चित्र घ्यावे. अभियंत्यास त्या एका चित्रातून डोक्यावरच्या भाराचा पहिला अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. न्यायशास्त्रात स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे : भांड्यातील एक शीत चाचपले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. घरास हा न्याय लागू पडत नाही. ओसरी धडधाकट असते आणि माजघराची तुळई आतून वाळवीने पोखरलेली असते. यास्तव क्रम ठरवून घ्यावा. प्रथम घर बाहेरून चारही बाजूंनी, जमिनीपासून छपरापर्यंत पूर्ण दिसेल असे टिपावे. मग प्रदक्षिणेच्या क्रमाने एकेक खोली घ्यावी व प्रत्येक खोलीची समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन चित्रे काढावी, म्हणजे चारही भिंती येतात. नंतर छत, मग फरशी. न्हाणीघर, स्वयंपाकघराची मोरी, विजेची मीटरपेटी आणि तुळयांची भिंतीत शिरणारी टोके ही लोक हमखास विसरतात; वास्तविक ओल व वाळवी यांची वस्ती तेथेच असते.

दोष आढळला की त्याची तीन चित्रे घ्यावी. पहिल्यात ती संपूर्ण भिंत दिसावी, दुसऱ्यात तो भाग दोन हातांवरून, आणि तिसऱ्यात जवळून, मोजपट्टीसह. केवळ जवळचे चित्र पाठविले तर ती तड देवघरातली की गोठ्यातली हे पाहणाऱ्यास उमगत नाही. केवळ दुरून घेतले तर तड दिसतच नाही. तड जेथे संपते तेथे पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी. भिंतीस पोट आले असेल अगर ती कलली असेल तर शेजारी गवंड्याचा ओळंबा टांगून मगच चित्र घ्यावे. याचे कारण असे की फोन वर कलविला म्हणजे चित्रातील उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात व सरळ भिंतही कललेली भासते. ओळंब्याची दोरी मात्र चित्रातही खरे सांगते. फोन शक्यतो उभा व सरळ धरावा. बऱ्याच फोनांत ‘०.५’ अशी खूण असलेले रुंद दृष्टीचे भिंग असते. लहान खोलीत त्याचा मोह होतो, परंतु त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. फोनचा दिवा समोरून लखलखला की खाचखळगे पुसले जातात. त्याऐवजी घरातील मुलाने विजेरी भिंतीलगत बाजूस धरावी. तिरप्या उजेडात प्रत्येक फुगवटा व तड आपली सावली टाकून आपली वर्दी देते.

हे सर्व दिवाळीच्या रंगसफेदीपूर्वी करावे, नंतर नव्हे. चुन्याच्या हाताखाली वर्षभराचा पुरावा झाकला जातो.

आपत्तीच्या प्रसंगी तर छायाचित्रावर कुटुंबाचे पुष्कळ काही अवलंबून असते. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्याने मोठा फटका सोसला. महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे माणसे पुरात अडकून पडली होती. अशा वेळी तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पंचनामा करतात. केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये, तर अंशतः पडलेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये असे साहाय्य ठरविले होते, आणि अंशतः म्हणजे किमान १५ टक्के नुकसान असावे अशी अट होती. आता पडलेल्या कोपऱ्याचेच चित्र दाखविले तर तो घराचा किती भाग हे कशावरून ठरावे? पूर्वीचे संपूर्ण घराचे चित्र व नंतरचे त्याच जागेवरून घेतलेले चित्र शेजारी ठेवता आले तर वादाचे कारणच उरत नाही. ढिगारा हलविण्यापूर्वी चित्रे घ्यावी. मात्र त्यासाठी पडक्या छपराखाली कोणीही पाऊल टाकू नये. पुराव्यापेक्षा प्राण मोठा.

चित्र काढले तरी ते जपले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधेपणी पाठविलेले चित्र आकुंचन पावते आणि त्यात नोंदलेली वेळ व स्थळ नाहीसे होते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे व मूळ प्रत फोनमध्ये तशीच राखावी. तिच्यावर रंगरंगोटी करू नये. न्यायालयातही याचे महत्त्व आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुढे करावयाची असेल तर कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. याबरोबर मर्यादाही पाळावी. तिजोरी, दागिने, घरातील कागदपत्रे आणि निजलेली माणसे चित्रात येऊ देऊ नयेत. अनोळखी माणसास स्थळनोंदीसह चित्र पाठवू नये.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी कसोटी न्यायालयात लागत नाही. ती घरातच लागते. आमच्या परिचयातील एका एकत्र कुटुंबात वृद्ध मातोश्री जुन्या वाड्यात राहात आणि तिघे पुत्र तीन गावी. धाकट्याने वाड्याची चित्रे पाठविली ती दिवाळीच्या सफेदीनंतरची. दारात रांगोळी, ओसरीवर आकाशकंदील! थोरल्यांस वाटले, वाडा उत्तम आहे, दुरुस्तीच्या पैशाची एवढी घाई का? धाकट्यास वाटले, दादांचे मन आखडले आहे. दोन वर्षे अबोल्यात गेली. अखेर सुनेने मातोश्रींच्या खोलीतील तुळईचे वाळवीने खाल्लेले टोक, बाजूस मोजपट्टी धरून, तारखेसह तिघांनाही एकाच वेळी धाडले. आठ दिवसांत मातोश्रींचे अंथरूण पुढच्या खोलीत आले आणि महिन्याच्या आत सुतार कामास लागला. कोणाच्याही मनात खोट नव्हती. घराची प्रतिष्ठा राखावी या सद्भावनेनेच सत्य झाकले गेले होते.

आपल्या कुटुंबांत घराचे उणे बाहेर न दाखविण्याची शिकवण जुनी आहे आणि ती एरवी भूषणावहच आहे. परंतु वैद्यापुढे दुखणे लपवीत नाहीत, तसेच अभियंत्यापुढे, पंचांपुढे व भावांपुढे घराचे दुखणे लपवू नये. वर्षातून दोन वेळा, मृगापूर्वी एकदा व दसऱ्याच्या सुमारास एकदा, घरातील एका मुलाने अगर मुलीने आजोबांस बरोबर घेऊन ही प्रदक्षिणा करावी. फोन मुलाच्या हाती असावा. कोणती भिंत कोणत्या साली बांधली, कोठे पूर्वी गळत असे, हे आजोबांनी सांगावे व त्याची नोंद एका वहीत व्हावी. तासाभराचे हे काम आहे, खर्च काहीच नाही. आणि ज्या छपराखाली आपली म्हातारीकोतारी व लेकरे निजतात, त्याची खरी प्रकृती घरातील प्रत्येकास ठाऊक राहील.