चित्रफितीतील व्याख्यान आणि इस्लापूरचा विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि राज्यातील महाविद्यालयांना ऑनलाइन अध्यापनाचा मार्ग घाईघाईने स्वीकारावा लागला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले; परंतु त्या काळात रूढ झालेली व्याख्यानाची चित्रफीत टिकून राहिली आहे. ती वापरावी की नाही, हा वाद आता निरर्थक होय. तिच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरसारख्या गावात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. किनवट तालुक्याच्या या डोंगराळ टापूत गोंडी, बंजारा वा तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलेही मराठीतून शिकतात. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ज्याला शेतावर जावे लागते, ज्याच्या घरी एकच स्मार्टफोन आहे, त्याला ठरावीक वेळेचा थेट वर्ग साधत नाही. रात्री सवडीने पाहता येणारी आणि न उमगलेला भाग पुन्हा ऐकविणारी चित्रफीत त्याला निश्चितच उपकारक आहे. तथापि, चित्रफीत उपलब्ध करून दिली म्हणजे अध्यापन संपले, असा समज दृढ झाल्यास सर्वाधिक हानीही त्याचीच होईल. कारण शंका विचारण्यास त्याला खाजगी शिकवणीचा आधार नसतो.

हा अनुभव नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. चांगली व्याख्याने दूरवर पोचविण्याचा त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु पडद्यावरील अध्यापकाला तेथल्या तेथे प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठाची रचना त्यामुळेच लक्षणीय ठरते. चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे तिचे चार भाग आहेत. म्हणजे चित्रफीत हा संपूर्ण अध्यापनाचा एक चतुर्थांश होय.

उरलेल्या भागांचे मोल संशोधनानेही दाखविले आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे व्याख्यान चार तुकड्यांत विभागण्यात आले. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचे चित्त कमी विचलित झाले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि अंतिम चाचणीत त्यांना यशही अधिक मिळाले. पाऊण तासाचे वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करणे किती व्यर्थ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मागणीची लवचिकता शिकवावयाची असल्यास आठ-दहा मिनिटांची चित्रफीत पुरेशी आहे. तिच्या अखेरीस एकच प्रश्न असावा : टोमॅटोचे पीक उदंड येऊनही शेतकऱ्याच्या हाती पैसा कमी का पडतो? विद्यार्थ्याने उत्तर वहीत लिहून आणावे आणि तासाचा प्रारंभ त्या उत्तरांच्या चर्चेने व्हावा. चित्रफीत कमी आकाराची व एकदा उतरवून घेऊन नंतर जोडणीविना पाहता येईल अशी असावी. तिची भाषा विद्यार्थ्याच्या परिचयाची असावी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, चित्रफीत आणखी एका विद्यार्थ्याला दाखविण्याचा सीमान्त खर्च नगण्य असतो. शंकानिरसनाला मात्र प्रत्येक वेळी अध्यापकाचा वेळ द्यावाच लागतो. म्हणून जे पुनःपुन्हा सांगावे लागते ते चित्रफितीकडे सोपवावे आणि वाचलेला वेळ शंकांसाठी राखावा. जेथे अध्यापकांची पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते, तेथे याच्या उलट हिशेब मांडला जाण्याचा, म्हणजे चित्रफीत आहे तर अध्यापक कशाला, असे म्हटले जाण्याचा धोका आहे. तो हिशेब मान्य झाला, तर इस्लापूरच्या विद्यार्थ्याला व्याख्यान मिळेल, पण शिक्षक मिळणार नाही. कार्यभार ठरविताना शंकानिरसनाचे तास स्वतंत्रपणे मोजणे, हाच यावरचा व्यवहार्य उपाय होय.